गणितात करिअर करायचंय? ग्वाल्हेरहून थोडं अनुभवाचं

दरवर्षी बीएस्सीचे रिझल्ट लागले की लष्कर भागातल्या (ग्वाल्हेरचाच भाग, फौज नव्हे) आपल्या मराठी घरांमधून मला दोन-चार फोन येतातच, आणि गंमत म्हणजे फोन मुलगा किंवा मुलगी करत नाही, त्यांची आई करते. "अगं ताई, ह्याला मॅथ्समध्येच पुढे जायचं म्हणतोय, बीएड करू दे की काय करू दे?" मग मी फोनवर अर्धा तास बोलते, निम्मं त्यांच्या डोक्यावरून जातं, निम्मं मी सांगायचं विसरते, म्हणून एकदाच नीट लिहून काढते आहे.

माझं थोडक्यात: शाळा आणि बीएस्सी इथेच ग्वाल्हेरला, एमएस्सी आणि पीएचडी बाहेर, विषय कम्युटेटिव्ह अल्जिब्रा (बीजगणिताची एक शाखा), मग बरीच वर्षं इकडे तिकडे टेम्पररी, आणि आता इथेच परमनंट. म्हणजे फार मोठी गणितज्ञ वगैरे नाही, पेपर आहेत, पीएचडीचे विद्यार्थी आहेत, वर्ग आहेत. बहुतेक युनिव्हर्सिटीतले गणितवाले असेच असतात आणि तुम्ही या वाटेने गेलात तर तुम्हीही बहुधा असेच व्हाल, त्यामुळे माझा अनुभव तुमच्या कामाचा आहे, फील्ड्स मेडलवाल्यांचा (गणितातला सगळ्यात मोठ्या मानांपैकी एक) तेवढा नाही.

आधी नोकरी म्हणजे काय ते सांगते कारण लोकांची कल्पना असते की प्रोफेसर म्हणजे दिवसातून दोन तास शिकवलं आणि घरी. यूजीसीच्या (युनिव्हर्सिटी-कॉलेजांचे नियम ठरवणारा केंद्राचा आयोग) २०१८ च्या नियमांप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास थेट शिकवणं आहे, असोसिएट आणि प्रोफेसरला १४. त्याच्यावर उत्तरपत्रिका, इंटर्नल, प्रॅक्टिकल (हो, गणितालाही आता कम्प्युटरचं प्रॅक्टिकल असतं), ॲडमिशन कमिटी, नॅकच्या म्हणजे कॉलेजाला दर्जा देणाऱ्या तपासणीच्या फायली, निवडणूक आली की तिची ड्यूटी. नॅकच्या वर्षी तर मी गणितापेक्षा एक्सेल जास्त केलंय. रिसर्च जो होतो तो सकाळी लवकर किंवा सुट्टीत किंवा रात्री सगळे झोपल्यावर. पगार मात्र आता वाईट नाही, सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचा सुरुवातीचा बेसिकच ५७,७०० आहे, त्यावर डीए वगैरे. फक्त तिथपर्यंत पोचायला जो वेळ लागतो त्याबद्दल कोणी बोलत नाही, ते पुढे येईलच.

आता बीएस्सी. आपल्याकडे बीएस्सी मॅथ्स पास होणं अजिबात अवघड नाही आणि तोच सगळा घोटाळा आहे. गाईड घ्या, मागच्या पाच वर्षांचे पेपर घ्या, तीच थिअरम्स फिरून फिरून येतात, पाठ करा, पंच्याहत्तर-ऐंशी टक्के मिळतात आणि मुलाला वाटतं की आपल्याला गणित येतं. माझ्याकडे असा कोणी आला की मी एकच गोष्ट करायला देते. फंक्शन एखाद्या पॉइंटला कंटिन्युअस आहे याची एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या लिही म्हणते, ती सगळे धडाधड लिहितात. मग म्हणते, आता फंक्शन त्या पॉइंटला कंटिन्युअस नाही हे लिही, पण "नाही" शब्द न वापरता. तिथे पेन थांबतं. कोणी लिहितं "प्रत्येक एप्सिलॉनसाठी डेल्टा मिळत नाही", कोणी डेल्टा आधी घेतं, कोणी इनइक्वॅलिटीचं चिन्ह उलटं करून सोडून देतं. खरं उत्तर असं की कुठला तरी एक एप्सिलॉन असा आहे की तुम्ही डेल्टा कितीही लहान घ्या, त्या डेल्टाच्या आत एक तरी एक्स असा सापडतो जिथे फंक्शनच्या दोन किमतींमधलं अंतर एप्सिलॉनएवढं किंवा त्याहून जास्त आहे. हे जर स्वतःचं स्वतः लिहिता आलं, दहा मिनिटं लागली तरी चालतील, तर तुम्ही पुढे जाऊ शकता. नाही आलं तर काही बिघडत नाही, पण मग एमएस्सीच्या आधी सहा महिने हेच करा, नवीन काही शिकू नका. रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा हे दोन विषय हाताने लिहून लिहून करा, म्हणजे थिअरम वाचलं की पुस्तक बंद करून प्रूफ स्वतः लिहायचं, अडलं की फक्त एक ओळ बघायची आणि परत बंद. फार हळू होतं. एका दिवसात दोन पानं झाली तर खूप झाली. पण रुडिनच्या ॲनालिसिससारखं पुस्तक असंच वाचतात, दुसरी काही रीत नाही. यूट्यूबवर लेक्चर ऐकून समजल्यासारखं वाटतं ते संध्याकाळपर्यंत टिकतं.

आणि इथे माझा मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी भरकटणार आहे. गणित एकट्याने होत नाही. बाहेरून बघताना वाटतं की हा सगळ्यात एकट्याचा विषय, कागद-पेन घेऊन कोपऱ्यात बसायचं, लॅब नको न काही नको, ग्वाल्हेरात बसा नाहीतर जर्मनीत ग्योटिंगेनला बसा काय फरक पडतो. फरक खूप पडतो. चांगल्या संस्थेत जे मिळतं ते पुस्तकं नव्हेत, पुस्तकं आता सगळीकडे आहेत. तिथे मिळतात ती कँटीनमध्ये "अरे हे असं का होतं" म्हणून विचारता येतील अशी माणसं, आणि तुमची चूक आहे हे तोंडावर सांगणारी माणसं. आपल्यासारख्या गावात ती आपोआप मिळत नाहीत, जाऊन आणावी लागतात. मला जे जे जमलं ते त्यामुळे, आणि जी हुशार मुलं मी अर्ध्यात सुटलेली पाहिली ती बहुतेक एकटी पडली म्हणून सुटली, डोकं कमी होतं म्हणून नाही.

म्हणून बीएस्सीत असाल तर सगळ्यात आधी एमटीटीएस. मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च प्रोग्रॅम, १९९३ मध्ये प्रोफेसर कुमरेसन यांनी सुरू केला, पैसा एनबीएचएमचा म्हणजे नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण चार आठवडे, देशात वेगवेगळ्या ठिकाणी, राहणं-जेवण त्यांच्याकडे. तिथे कोणी फळ्यावर लिहून देत नाही. सर विचारतात, तुम्ही सांगायचं, चुकलं तर का चुकलं ते पण तुम्हीच सांगायचं. मी बीएस्सीला असताना गेले तेव्हा पहिला आठवडा मला वाटत होतं की परत जावं, कारण आपल्याकडे वर्गात प्रश्न विचारणं म्हणजे सरांना त्रास देणं अशी सवय. एका सरांनी फळ्यावर विचारलं की रिकाम्या सेटला लीस्ट अपर बाउंड आहे का, आणि त्या एका प्रश्नावर अख्खा तास गेला. अख्खा तास! आणि कोणालाही वाटलं नाही की पोर्शन मागे पडतोय. तिथे भेटलेली केरळची आणि बंगालची मुलं अजून माझ्या कॉन्टॅक्टमध्ये आहेत, त्यातल्या एकीबरोबर पुढे पेपरही लिहिला. बाकी काही नाही केलंत तरी चालेल, हा फॉर्म भरा. आईबाबा म्हणतील एवढ्या लांब एकटी कशी जाशील, त्यांना सांगा की मुलींसाठी वेगळं हॉस्टेल असतं आणि दिवसभर गणिताशिवाय दुसरं काही करायला वेळ मिळत नाही.

एमएस्सीसाठी आयआयटीत जायचं तर जॅम ही प्रवेशपरीक्षा. फॉर्म साधारण सप्टेंबरच्या आसपास, परीक्षा फेब्रुवारीत, तीन तास, १०० मार्क, ६० प्रश्न. त्याशिवाय चेन्नईचं सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट), आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट), हैदराबादची सेंट्रल युनिव्हर्सिटी, प्रत्येकाची आपापली दारं आहेत. टीआयएफआरची (मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट) परीक्षा डिसेंबरात असते, बसून बघायला हरकत नाही, पेपर फार सुंदर असतो, हरलो तरी घरी येऊन सोडवायला मजा येते. आणि हे सगळं नाही जमलं तर? तर इथल्या जीवाजी युनिव्हर्सिटीत किंवा कॉलेजात एमएस्सी करा, त्यात कमीपणा काही नाही, फक्त मग ॲन्युअल फाउंडेशन स्कूल वगैरे जे एटीएम स्कूल्स असतात नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सचे, त्यांना जायचंच. ते पीएचडीच्या सुरुवातीच्या मुलांसाठी असतात, म्हणजे एमएस्सी झाल्यावर.

इथे थोडं विषयांतर, पण ग्वाल्हेरवाल्यांना हे माहीत असायलाच हवं. श्रीराम अभ्यंकर. जन्म १९३० चा, उज्जैनचा, पण लहानपण आपल्या ग्वाल्हेरात, वडील इथे गणिताचे प्राध्यापक. मुंबईहून बीएस्सी करून १९५१ मध्ये हार्वर्डला गेले, १९५५ मध्ये तिथले गणितज्ञ ऑस्कर झारिस्की यांच्याकडे पीएचडी, पुढे १९६३ पासून अमेरिकेतच पर्ड्यू युनिव्हर्सिटीला आणि शेवटपर्यंत तिथेच, २०१२ मध्ये गेले. पुण्याचं भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था १९७६ मध्ये त्यांनीच काढलं. आता बाड्यावर, लष्करच्या मुख्य चौकात, उभं राहून दहा जणांना विचारा, एकालाही नाव माहीत नसतं. तानसेन माहीत असतो, तो असायलाच हवा, पण हेही माहीत असायला काय हरकत आहे.

त्यांनी काय केलं ते सांगते, आणि हे बारावीच्या मुलाला समजतं म्हणूनच सांगते. वाय-स्क्वेअर बरोबर एक्स-क्यूब हा कर्व्ह काढा. शून्याकडून उजवीकडे दोन फांद्या जातात, एक वर एक खाली, आणि शून्यापाशी दोन्ही मिळून एक टोक होतं, बोटाला टोचेल असं. तिथे टँजंट तर आहे, एक्स-ॲक्सिस, पण तो कर्व्ह तिथे गुळगुळीत नाही. अशा जागेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. आता एक छोटी युक्ती: वाय च्या जागी टी-गुणिले-एक्स लिहा. म्हणजे डावीकडे टी-स्क्वेअर एक्स-स्क्वेअर, उजवीकडे एक्स-क्यूब, दोन्हीकडून एक्स-स्क्वेअर काढून टाका, राहतं टी-स्क्वेअर बरोबर एक्स. हा तर साधा पॅराबोला! टोक गायब. हा टी म्हणजे काय तर शून्यातून त्या पॉइंटकडे जाणाऱ्या रेषेचा स्लोप, म्हणजे आपण प्रत्येक पॉइंटबरोबर तो कुठल्या दिशेने आला हेही लिहून ठेवलं आणि तेवढ्यानेच टोक उलगडलं. याला ब्लोअप म्हणतात आणि अशा प्रकारे टोकं, गाठी उलगडणं म्हणजे रिझोल्यूशन ऑफ सिंग्युलॅरिटीज. कर्व्हला हे सोपं आहे. सर्फेसला अवघड, त्याच्या वर फार अवघड. साध्या नंबरांवर, म्हणजे कॅरेक्टरिस्टिक झिरोमध्ये, सगळ्या डायमेन्शनला हे होतं हे जपानी गणितज्ञ हिरोनाकांनी १९६४ मध्ये दाखवलं आणि त्यांना १९७० चं फील्ड्स मेडल मिळालं. पण जिथे एखाद्या प्राइमने भागून उरलेल्या बाकीवर गणित चालतं, कॅरेक्टरिस्टिक पी म्हणतात, तिथे सर्फेससाठी हे पहिल्यांदा केलं अभ्यंकरांनी, थीसिसमध्येच, १९५६ मध्ये छापून आलं, वय पंचवीस-सव्वीस. तीन डायमेन्शनचं बऱ्याच नंतर पूर्ण झालं. आणि चार व त्याच्या पुढे कॅरेक्टरिस्टिक पी मध्ये अजूनही कोणाला माहीत नाही. म्हणजे इथल्या एका मराठी घरातल्या मुलाने ज्या प्रश्नाला हात घातला तो सत्तर वर्षांनीही संपलेला नाही. अभ्यंकर स्वतः या सगळ्याला हायस्कूल अल्जिब्रा म्हणायचे, म्हणजे भारी भारी यंत्रसामग्री नको, पॉलिनॉमियल घ्या आणि हाताने करा. मला ते अर्धंच पटतं, कारण त्यांचं हायस्कूल अल्जिब्रा आपल्याला पीएचडीनंतरही जड जातं, पण हाताने करा हे शंभर टक्के.

बरं, आता नेट, म्हणजे लेक्चररशिप आणि पीएचडी फेलोशिपची देशपातळीवरची परीक्षा. सीएसआयआर नेटचा मॅथेमॅटिकल सायन्सेसचा पेपर, तीन तास, २०० मार्क, तीन भाग. ए मध्ये जनरल ॲप्टिट्यूड, २० पैकी १५ सोडवायचे, दोन-दोन मार्कांचे. बी मध्ये ४० पैकी २५, तीन मार्क, चुकलं तर पाऊण मार्क वजा. सी मध्ये ६० पैकी २०, पावणेपाच मार्क प्रत्येकी, निगेटिव्ह नाही, पण तिथे एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय पकडले तरच मार्क, अर्धे नाहीत. मुलं काय करतात, कोचिंगला जाऊन सगळ्या विषयांच्या ट्रिक्स गोळा करतात आणि बी वर जीव टाकतात. माझं म्हणणं उलटं आहे. सी हाच भाग तुम्हाला गणित येतं का ते बघतो आणि तिथे ट्रिक चालत नाही, कारण चार वाक्यांपैकी प्रत्येकाला एकतर प्रूफ नाहीतर काउंटरएक्झाम्पल मनात यायला लागतं. म्हणून लिनिअर अल्जिब्रा, रिअल, कॉम्प्लेक्स आणि ग्रुप-रिंग एवढेच चार विषय घट्ट करा, डिफरन्शियल इक्वेशन जेवढं येतं तेवढं, आणि स्वतःची एक काउंटरएक्झाम्पलची वही ठेवा. कंटिन्युअस आहे पण युनिफॉर्मली नाही, नॉर्मल सबग्रुपचा नॉर्मल सबग्रुप आहे पण नॉर्मल नाही, डेरिव्हेटिव्ह आहे पण तो डेरिव्हेटिव्ह कंटिन्युअस नाही, असं. माझी वही अजून आहे आणि विद्यार्थी फोटो काढून नेतात, पण दुसऱ्याच्या वहीचा उपयोग नाही, स्वतः शोधलेलंच परीक्षेत आठवतं. नेटमधून जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर सीनियरचे म्हणजे एसआरएफचे ४२,०००, वर घरभाडं. घरच्यांना गप्प करायला एवढं पुरतं. एनबीएचएमची पण पीएचडी स्कॉलरशिप आहे, ती परीक्षा लिहायला मला जास्त आवडली होती.

पीएचडीचा गाईड निवडताना लोक नाव बघतात, संस्था बघतात. त्यापेक्षा त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना चहाला घेऊन जा आणि दोन गोष्टी विचारा: सर आठवड्यातून किती वेळा भेटतात, आणि मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले. उत्तर द्यायच्या आधी समोरचा इकडे तिकडे बघायला लागला तर समजून जा. मग झेडबीमॅथ ही गणिताच्या पेपरांची वेबसाइट उघडा, २०२१ पासून फुकट आहे, सरांचं नाव टाका, गेल्या पाच-सात वर्षांत कुठे छापलंय, कोणाबरोबर छापलंय, सगळे पेपर एकाच आडमार्गाच्या जर्नलमध्ये आहेत का, दहा मिनिटांत कळतं. हे कोणी पहिल्या वर्षी सांगत नाही आणि तिसऱ्या वर्षी सगळ्यांना माहीत असतं.

२०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि आधी कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. तीन वर्षांत गणितात पीएचडी मी तरी पाहिली नाही, म्हणजे चांगली पाहिली नाही. पाच धरून चाला. त्यातली पहिली दोन वर्षं वाचण्यातच जातात, आणि मग प्रश्न मिळतो, आणि मग काहीच होत नाही. हे काहीच न होणं म्हणजे काय ते नव्या मुलांना माहीत नसतं म्हणून सांगते. दुसऱ्या सायन्समध्ये एक्सपेरिमेंट फसला तरी डेटा तरी हातात राहतो, रजिस्टर भरतं. आमच्याकडे महिनाभर काम करून शुक्रवारी कळतं की तिसऱ्या ओळीत आपण रिंग नोएथेरियन (रिंगवरची एक सोयीची अट) धरली होती आणि ती नाहीये, आणि सगळे कागद रद्दीत. सोमवारी गाईडला काय सांगणार? हेच सांगायचं. तो दिवस वाया गेला नसतो, पण हे एकट्याने स्वतःला पटवता येत नाही, समोरच्याने "अच्छा, म्हणजे नोएथेरियन लागतंच तर" म्हणावं लागतं. माझ्या गाईड बाई असं म्हणायच्या आणि लगेच विचारायच्या की मग नॉन-नोएथेरियनचं उदाहरण काय झालं, आणि त्या उदाहरणातूनच थीसिसचा एक चॅप्टर निघाला. दुसऱ्या एका मुलाचे सर सहा-सहा महिने भेटायचे नाहीत, तो मुलगा माझ्यापेक्षा तेज होता, तो आता बँकेत आहे. सुखात आहे, भेटतो, पण गणिताचं नाव काढलं की विषय बदलतो.

प्रश्न अडला की काय करायचं याचं एकच तंत्र मला उपयोगी पडलं, प्रश्न लहान करायचा. सगळ्या रिंगसाठी होत नाही? दोन व्हेरिएबलच्या पॉलिनॉमियल रिंगसाठी बघ. तेही नाही? मोनोमियल आयडियलसाठी बघ (त्यातलंच सगळ्यात सोपं), तिथे सगळं चौकटीच्या कागदावर टिंबं काढून मोजता येतं. मी महिनोन्महिने टिंबं काढलीत, आई म्हणायची ही रांगोळी कधी संपणार.

पेपर लिहायचा तो लाटेक या गणित टाइप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ते पहिल्याच सेमिस्टरला शिका, थीसिसच्या शेवटच्या महिन्यात नको. आधी आर्काइव्ह (arXiv) या सगळ्यांना खुल्या वेबसाइटवर टाका, मग जर्नलला. आणि मग विसरून जा, कारण रेफरीचं, म्हणजे पेपर तपासणाऱ्याचं, उत्तर यायला सहा महिने लागले तर लवकर आलं म्हणायचं, वर्ष-दीड वर्षही लागतं. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मित्र दोन महिन्यांत छापून मोकळे होतात त्यांच्याकडे बघायचं नाही.

त्यांच्यावरून आठवलं, एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. गणितात पेपरवर नावं आडनावाच्या वर्णक्रमाने असतात. पहिला लेखक, शेवटचा लेखक असं काही नसतं, सगळे सारखे. पण नोकरीसाठी यूजीसीचे पेपरांवर जे मार्क असतात त्यांच्या हिशोबात दोनपेक्षा जास्त लेखक असले तर पहिल्या किंवा करस्पॉन्डिंग लेखकाला (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा) ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्के. म्हणजे तुमचं आडनाव आगाशे असेल तर आयुष्यभर फायदा आणि वैद्य असेल तर बसा! एका इंटरव्ह्यूला (कुठल्या ते जाऊ दे) केमिस्ट्रीच्या एका एक्स्पर्टने मला विचारलं की मॅडम, तुम्ही प्रत्येक पेपरमध्ये तिसऱ्याच कशा? मी समजावलं, त्यांनी मान डोलावली आणि मार्क मात्र तिसऱ्याचेच दिले. तेव्हापासून मी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने २००४ मध्ये या वर्णक्रमाबद्दल काढलेलं निवेदन आहे त्याचा प्रिंट फाईलमध्येच ठेवते, आणि विद्यार्थ्यांनाही ठेवायला लावते. आणि तिघं असाल तर करस्पॉन्डिंग लेखक कोण ते सबमिट करायच्या आधीच ठरवून घ्या, ज्याला नोकरी शोधायची आहे त्याला होऊ द्या, मोठ्यांनी एवढं तरी करावं.

पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांचे ईमेल येतील, "डिअर एस्टीम्ड प्रोफेसर" म्हणून, तुम्ही अजून एमएस्सीला असाल तरी. त्यात छापू नका. मार्क मिळतात, नोकरीही लागलेली पाहिली आहे, पण नंतर चांगल्या माणसांनी तुमची यादी बघितली की ते तुमच्याशी बोलणं थांबवतात आणि गणितात ते सगळ्यात महाग पडतं.

पीएचडीनंतरचा काळ. हा भाग मी आयांना फोनवर सांगत नाही, पण तुम्हाला सांगते. पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती रिसर्चची जागा) मिळाला तर करा, परदेशात मिळाला तर जा, दोन वर्षं तरी. नाही मिळाला तर इकडे परत, आणि इकडे म्हणजे सरकारी कॉलेजात अतिथी विद्वान, म्हणजे टेम्पररी शिकवणारे. शब्द केवढा भारी, पण मिळतात ते दिवसाचे पैसे, उन्हाळ्यात वर्ग नाहीत तर पैसेही नाहीत, आणि रेग्युलर माणूस बदली होऊन आला की तुम्ही बाहेर. एमपीपीएससीची (मध्य प्रदेशचा लोकसेवा आयोग) असिस्टंट प्रोफेसरची भरती दरवर्षी निघत नाही. कधी निघेल याचा काही नेम नसतो, निघाली की कोर्टात जाते, सुटली की पुन्हा. नेट किंवा राज्याची तशीच सेट परीक्षा पास असाल तर पीएचडी सक्तीची नाही हे २०२३ मध्ये यूजीसीने स्पष्ट केलं आहे, त्यामुळे ज्यांना शिकवायचंच आहे, रिसर्चमध्ये जीव रमत नाही, त्यांनी उगाच पाच वर्षं घालवू नयेत, हे मी मनापासून सांगते, यात काही कमी-जास्त नाही.

मुलींसाठी वेगळं थोडं. थीसिस आणि लग्न हे दोन्ही नेमके एकाच वयात येतात. माझ्या आत्याने एक स्थळ आणलं होतं, त्यांनी विचारलं की पीएचडी झाल्यावर नोकरी कुठे लागेल, मी म्हटलं माहीत नाही, देशात कुठेही. संपला विषय. नंतर लग्न झालं ते अशा माणसाशी ज्याची नोकरी बदलीची होती आणि म्हणून त्याला कुठेही म्हणजे काय ते माहीत होतं. सगळ्यांचं असं जुळत नाही. इंडियन विमेन अँड मॅथेमॅटिक्स म्हणून ग्रुप आहे, त्यांच्या वर्कशॉप होतात, एकदा जाऊन या, गणित तर होतंच पण बाळ लहान असताना पेपर कसा लिहिला हे सांगणाऱ्या पाच बायका एका टेबलावर भेटतात, हे दुसरीकडे कुठे होणार.

अडकलात की किल्ल्यावर जा. हे मी थट्टेने नाही म्हणत. चढावर चतुर्भुज मंदिर आहे, एकाच दगडात कोरलेलं, लहानसं, पुढे जायच्या घाईत लोक थांबतही नाहीत. आत एक शिलालेख आहे, संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६. देवाच्या बागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि रोजच्या ५० माळा, असं दान. त्यातल्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य बघा, छोटंसं गोल, बाकीच्या आकड्यांपेक्षा लहान, पण अगदी आजच्यासारखं. गाईड लोक सांगतात की जगातलं पहिलं शून्य. तसं नाहीये, कंबोडियातल्या एका लेखात ६८३ सालचं शून्य आहे, तिथे ते टिंब आहे. मी माझ्या एमएस्सीच्या मुलांना तिथे नेते तेव्हा हेच सांगते, की दावा तेवढाच करा जेवढं प्रूफ आहे. आणि तसंही मला "पहिलं" पेक्षा हे जास्त आवडतं की ते कुठल्या ग्रंथात नाही, फुलांच्या हिशोबात आहे. म्हणजे तोपर्यंत ते इतकं रुळलं होतं की माळ्याच्या खात्यात कोणाला ते समजावून सांगावं लागत नव्हतं. यावर एकदा मुलांमध्ये जी चर्चा झाली ती परतीच्या टेम्पोत पण चालू होती आणि शेवटी टेम्पोवाल्याने विचारलं, भैया, झगडा किस बात का है?

आता माणसं जाऊन आणावी लागतात म्हटलं, तर इथे राहून काय करायचं? आम्ही शनिवारी दुपारी एक बैठक करतो. फार काही नाही, एक जण फळ्यावर उभा राहतो, एक थिअरम पूर्ण प्रूफसकट, कागद न बघता, आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये अडवायचं. बीएस्सीची मुलं येतात, आसपासच्या कॉलेजातले दोन-तीन सर येतात, एक रिटायर्ड इंजिनिअर काका येतात ज्यांना नंबर थिअरीचं वेड आहे आणि ते सगळ्यात चांगले प्रश्न विचारतात. थंडीत धुकं असलं की चार-पाच जणच असतात, मेमध्ये पंखा गरम हवा फेकतो, पण होतं. कधी बाहेरचा कोणी दिल्ली-झाशी गाडीने जात असेल तर त्याला एक दिवस उतरवून घेतो, व्याख्यानाच्या बदल्यात इथल्या बहादुराच्या मिठाईच्या दुकानातले लाडू. बरेच जण उतरतात. जिथे असाल तिथे असं काही चालू करा, दोघं असलात तरी चालतं, फक्त एकाने फळ्यावर आणि दुसऱ्याने गप्प न बसता.

आणि मला फोन करायचा असेल तर स्वतः करा, आईला नका लावू. मार्कशीटचा फोटो पाठवू नका, त्यावरून मला काही कळत नाही. त्याऐवजी तुम्ही स्वतः हाताने लिहिलेलं एक प्रूफ पाठवा, कुठलंही, अर्धवट असलं तरी चालेल, आणि जिथे अडलात तिथे पेन्सिलने खूण करा. उत्तर द्यायला मला दोन-चार दिवस लागतात, परीक्षेच्या दिवसांत जास्त. शनिवारी लष्करातच असाल तर सरळ या, तीन वाजता, वही घेऊन.